शेक्सपिअर आणि दोन घराण्यांचे वैर

लैला-मजनूंची कहाणी तुम्ही ऐकलेली असेलच. निजामी गंजवी या फारसी कवीने इ. स. ११८८ मध्ये ती काव्यात बांधली. त्या काव्यात नौफल नावाचा एक सरदार आहे. मजनूची दया येऊन तो लैलाच्या कबिल्यावर चालून जातो. लढाई होते, माणसे मरतात, नौफल जिंकतोही. तरी लैला मजनूला मिळत नाही. युरोपात याच तोडीची जी कहाणी घराघरांत पोचली, ती रोमिओ आणि ज्युलिएट यांची. तिच्यातही प्रेमाच्या जोडीला तलवार आहे. किंबहुना तिच्यात तलवारच आधी येते, प्रेम नंतर. ही कहाणी ज्याच्या नाटकामुळे जगभर पसरली, तो इंग्लंडचा नाटककार विल्यम शेक्सपिअर. त्याचे चरित्र वाचताना या एका नाटकाकडे आपण जरा अधिक लक्ष देऊ.

इंग्लंडच्या मध्यभागी एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड हे गाव आहे. तेथील चर्चच्या दप्तरात २६ एप्रिल १५६४ या दिवशी विल्यमच्या नामकरणविधीची नोंद आहे. त्याचे वडील जॉन शेक्सपिअर कातडी कमावून हातमोजे शिवण्याचा धंदा करीत. आई मेरी आर्डेन ही एका सुखवस्तू शेतकऱ्याची मुलगी होती. घरासमोर उकिरडा साठवला म्हणून १५५२ मध्ये जॉनला दंड झाला होता; पण पुढे १५६८ मध्ये हाच जॉन गावाचा मुख्य अधिकारी झाला. विल्यमच्या आधी झालेल्या दोन मुली बालपणीच वारल्या होत्या. विल्यम जन्मला त्याच उन्हाळ्यात स्ट्रॅटफर्डमध्ये प्लेगची साथ आली आणि गावातील दोनशेहून अधिक माणसे दगावली. शेक्सपिअरांचे बाळ वाचले. प्लेगने पुढेही त्याची पाठ सोडली नाही. त्याच्या धंद्यात आणि त्याच्या नाटकात तो पुन्हा भेटणार होता.

गावच्या शाळेत विल्यम शिकला असे मानले जाते. त्या काळच्या शाळेत मुख्य विषय एकच, तो म्हणजे लॅटिन भाषा. मुलांना रोमन कवी ओव्हिड वाचावा लागे. त्याच्या काव्यात पिरॅमस आणि थिस्बी यांची गोष्ट आहे. दोघे शेजारी राहतात, आईबापांनी त्यांच्या लग्नाला मनाई केलेली असते, म्हणून ती भिंतीच्या फटीतून बोलतात. शेवटी एका गैरसमजामुळे दोघेही जीव देतात. ही गोष्ट शेक्सपिअर विसरला नाही. पुढे एका नाटकात तर त्याने तिची थट्टाही केली आहे.

वडिलांचे दिवस मात्र फिरले. कर्ज वाढले, जमीन गहाण पडली. १५८२ मध्ये जॉनने न्यायालयात अर्ज केला. गावातील चार माणसांकडून आपल्या जिवाला धोका आहे, त्यांना आवर घालावा, अशी त्याची मागणी होती. घरात असे भीतीचे वातावरण असताना त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विल्यमचे लग्न झाले. त्याचे वय १८ आणि त्याची पत्नी ॲन हॅथवे हिचे २६. १५८३ मध्ये सुझाना ही मुलगी झाली. १५८५ मध्ये हॅम्नेट आणि ज्युडिथ हे जुळे झाले. त्यानंतर काही वर्षे कागदपत्रांत त्याचे नाव जवळजवळ दिसत नाही. ते पुन्हा दिसते १५९२ मध्ये, लंडनमध्ये. तोवर तो नट आणि नाटककार झाला होता, आणि एका विद्यापीठात शिकलेल्या लेखकाला त्याचा हेवा वाटू लागला होता.

त्या वेळचे लंडन कसे होते, हे जाणल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. शहराभोवती तट होता. तटाच्या आत नाटके नकोत, असे शहराच्या अधिकाऱ्यांचे मत होते. म्हणून नाटकगृहे तटाबाहेर बांधली जात. उत्तरेला शोरडिच भागात १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने एक नाटकगृह उभारले. तेथे दुपारी, उघड्या आभाळाखाली प्रयोग होत. बायकांची कामे मुलगे करीत. आणि याच रंगमंचावर काही दिवशी नाटकाऐवजी तलवारबाजीचे सामने होत. तलवारबाजीचे उस्ताद आपल्या शागिर्दांची परीक्षा तेथे लोकांसमोर घेत. लोक पैसे देऊन ते पाहत. त्यामुळे रंगमंचावर नटाने तलवार उपसली, की ती नीट धरली आहे की नाही, हे प्रेक्षकांतला साधा कारागीरही सांगू शके.

तलवारही बदलली होती. जुनी इंग्रजी तलवार रुंद आणि जड होती. तिचा वार होई. ढालीवर तो अडवता येई. आता इटली आणि स्पेनकडून लांब, सडपातळ, टोकदार तलवार आली होती. ती भोसकण्यासाठी होती. जखम लहान दिसे, पण आत खोल जाई आणि माणूस वाचत नसे. ही नवी विद्या शिकवणारे इटालियन उस्ताद लंडनमध्ये स्थायिक झाले होते. त्यांच्यापैकी विन्चेंत्सिओ साव्हिओलो याने १५९५ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक छापले. त्याच्या एका भागात तलवार कशी चालवावी हे होते. दुसऱ्या भागात अब्रूसाठी भांडण केव्हा आणि कसे करावे, कोणत्या शब्दाला कोणते उत्तर द्यावे, याचे नियम होते. अब्रू हा शब्द फारसीतून मराठीत आला आहे आणि तुमच्या घरच्या भाषेत तो आबरू म्हणून आहेच. त्या काळच्या इंग्लंडमधल्या घरंदाज तरुणाला या एका गोष्टीची एवढी काळजी होती, की जीव गेला तरी चालेल, पण चारचौघांत माघार घेतली असे दिसता कामा नये.

नाटकमंडळीही यातून सुटली नव्हती. १५८९ मध्ये शोरडिचजवळच्या एका गल्लीत नाटककार क्रिस्टोफर मार्लो आणि विल्यम ब्रॅडली यांच्यात तलवारी निघाल्या. मार्लोचा मित्र, कवी टॉमस वॉटसन, सोडवायला मध्ये आला आणि त्याच्याच हातून ब्रॅडली मारला गेला. चार वर्षांनी, ३० मे १५९३ रोजी, डेटफर्ड येथे जेवणाच्या पैशांवरून झालेल्या वादात मार्लोच्या डोळ्यावर कट्यारीचा घाव बसला आणि तो जागीच मेला. त्याचे वय अवघे २९ होते. तो आणि शेक्सपिअर एकाच वर्षी जन्मलेले. पुढे १५९८ मध्ये नाटककार बेन जॉन्सनने द्वंद्वात गेब्रिएल स्पेन्सर या नटाला ठार केले. या स्पेन्सरच्या हातूनही आधी एक खून झालेला होता. जॉन्सनला फाशीच व्हायची. पण धर्मग्रंथातील लॅटिन ओळ वाचून दाखवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात सूट देण्याचा एक जुना कायदा होता. जॉन्सन विद्वान, त्याने ओळ वाचली. त्याच्या अंगठ्यावर डाग देऊन त्याला सोडले. अक्षरओळख नसलेला माणूस त्याच गुन्ह्यासाठी फासावर गेला असता.

१५९२ च्या उन्हाळ्यापासून १५९४ पर्यंत प्लेगमुळे नाटकगृहे बहुतेक काळ बंद राहिली. १५९३ या एका वर्षात लंडनमध्ये १०,००० हून अधिक माणसे प्लेगने मेली. ज्या घरात रोगी सापडे, त्या घराचे दार बाहेरून बंद करीत आणि आतल्या माणसांना काही आठवडे बाहेर येऊ देत नसत. नाटके बंद, म्हणून शेक्सपिअरने दोन दीर्घ काव्ये लिहिली आणि ती साउथहॅम्प्टनचा अर्ल या तरुण सरदाराला अर्पण केली. या सरदाराचा संबंध पुढे एका खऱ्या वैराशी आला. विल्टशर परगण्यात डॅनव्हर्स आणि लाँग या दोन घराण्यांत हाडवैर होते. नोकरांची भांडणे, मग मालकांची पत्रे, मग शिव्याशाप असे ते वाढत गेले. ऑक्टोबर १५९४ मध्ये हेन्री लाँग जेवायला बसला असताना डॅनव्हर्स बंधू माणसे घेऊन आत घुसले आणि त्यांनी त्याला ठार केले. तेथून ते पळाले आणि साउथहॅम्प्टनच्या आश्रयाला गेले. त्याने त्यांना लपवले आणि फ्रान्सला निसटून जायला मदत केली. त्या वेळी त्याचे वय २१ होते.

त्यानंतर साधारण वर्षभरात, बहुधा १५९५ च्या सुमारास, शेक्सपिअरने रोमिओ आणि ज्युलिएटचे नाटक लिहिले. लाँगच्या खुनामुळेच ते सुचले, असे म्हणता येणार नाही. पण दोन घराण्यांचे वैर ही इटलीत घडणारी, दूरची गोष्ट आहे, असे त्याच्या प्रेक्षकांना वाटले नसणार, एवढे नक्की. १५९५ च्या जूनमध्ये लंडनमध्ये दंगलीही झाल्या होत्या. पिके बुडाली होती, लोणी आणि मासळी महागली होती, आणि कारागिरांकडे उमेदवारी करणारी पोरे रस्त्यावर उतरली होती. त्यांतल्या पाच जणांना जुलैत फाशी दिले गेले.

मूळ कथा शेक्सपिअरची नाही. इटलीच्या लुइजी दा पोर्तो आणि मातेओ बान्देल्लो या लेखकांनी ती सांगितली होती. तिच्यावरून आर्थर ब्रुक या इंग्रज कवीने १५६२ मध्ये एक लांबलचक काव्य रचले. शेक्सपिअरच्या समोर होते ते हेच काव्य. ब्रुकने आपल्या प्रस्तावनेत या प्रेमिकांना सरळ दोषी ठरवले आहे. आईबापांचे ऐकले नाही, वडीलधाऱ्यांचा सल्ला टाळला, म्हणून त्यांच्यावर असा प्रसंग ओढवला, असा त्याचा सूर आहे. शेक्सपिअरने गोष्ट तीच घेतली, माणसे बहुतेक तीच घेतली, पण बदल असे केले की दोषाचा काटा हळूच दुसरीकडे वळला. ते बदल पाहण्यासारखे आहेत.

नाटक सुरू होते ते व्हेरोना शहराच्या चौकात, एका सकाळी. कॅप्युलेट घराण्याचे दोन नोकर समोरून माँटेग्यू घराण्याचे नोकर येताना पाहतात. त्यांच्याशी त्यांचे स्वतःचे काही भांडण नाही. एक जण अंगठ्याचे नख दातांवर ओढून दाखवतो. तो त्या काळी अपमान समजला जाई. मग हा अपमान नेमका कोणाचा केला, यावर वाद सुरू होतो. कायदा आपल्या बाजूने राहील ना, हेही ते हळूच आपसांत विचारून घेतात! एवढ्यात माँटेग्यूंचा शहाणा भाचा बेनव्होलिओ त्यांना आवरायला तलवार उपसतो. कॅप्युलेटांचा तापट भाचा टिबॉल्ट येतो आणि उपसलेली तलवार पाहून त्याच्यावरच धावून जातो. नागरिक काठ्या घेऊन धावतात. शेवटी दोन्ही घराण्यांचे म्हातारे प्रमुख येतात आणि तेही तलवारी मागू लागतात. त्यांच्या बायका त्यांना मागे खेचतात. कॅप्युलेटची बायको तर नवऱ्याला सुनावते की तुमच्या हाती आता तलवार नव्हे, कुबडी शोभेल. हसू यावे असा हा प्रसंग आहे. ब्रुकच्या काव्यात तो नाही.

शहराचा अधिपती येऊन सर्वांना दटावतो. यापुढे शहरात दंगा केला तर प्राण घेईन, असा हुकूम तो देतो. या वैराचे कारण काय? ते नाटकात कोठेही सांगितलेले नाही. जुने वैर आहे, एवढेच कळते. शेक्सपिअरने ते मुद्दाम सांगितले नसावे, असे मला वाटते. कारण सांगितले असते, तर आपण लगेच एका घराण्याची बाजू घेतली असती.

त्याच रात्री कॅप्युलेटच्या घरी मेजवानी असते. माँटेग्यूचा मुलगा रोमिओ मुखवटा घालून तेथे जातो आणि कॅप्युलेटची मुलगी ज्युलिएट त्याला दिसते. ती अजून १४ वर्षांचीही झालेली नाही. ब्रुकने तिला १६ वर्षांची केले होते. दोघांचे मन जडते. दुसऱ्याच दिवशी दुपारी धर्मगुरू लॉरेन्स त्यांचे गुपचूप लग्न लावतो. या लग्नाने दोन घराणी एक होतील, अशी त्या भल्या माणसाला आशा आहे. ब्रुकच्या काव्यात ही सारी गोष्ट कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती चार-पाच दिवसांत बसवली. कोणालाही विचार करायला, शांत व्हायला, एक रात्र झोप काढायला वेळ मिळत नाही.

आता नाटकाच्या मध्यावर येऊ. लग्न होऊन अजून तासही झालेला नाही. दिवस उन्हाळ्याचे, दुपार तापलेली. चौकात रोमिओचे मित्र बेनव्होलिओ आणि मर्क्यूशिओ उभे आहेत. घरी जाऊ, आज भांडण झाल्याशिवाय राहणार नाही, असे बेनव्होलिओ सुचवतो. मर्क्यूशिओ त्याची थट्टा करतो. हा मर्क्यूशिओ माँटेग्यूही नाही आणि कॅप्युलेटही नाही. तो अधिपतीचा नातलग आहे, बडबड्या, विनोदी, जिवाला जीव देणारा. ब्रुकच्या काव्यात तो मेजवानीत बसलेला एक थंड हातांचा पाहुणा होता, बस्स. शेक्सपिअरने त्याला माणूस केले आणि मग आपल्या डोळ्यांसमोर मारले.

टिबॉल्ट येतो. रोमिओ मेजवानीत आला, हा आपल्या घराचा अपमान झाला, असे त्याला वाटते. तो रोमिओला लढायला बोलावतो. रोमिओ नकार देतो. टिबॉल्ट आता आपल्या बायकोचा भाऊ, म्हणजे आपला नातेवाईक, हे फक्त रोमिओला ठाऊक आहे. तो गोड शब्दांत समजूत घालतो, पण खरे कारण सांगू शकत नाही. मर्क्यूशिओला हा नकार भेकडपणा वाटतो. मित्राची अब्रू सांभाळायला तो स्वतः तलवार उपसतो. रोमिओ दोघांना आवरायला मध्ये पडतो, आणि त्याच्या हाताखालून टिबॉल्टची तलवार मर्क्यूशिओच्या अंगात जाते. जखम लहान दिसते. मित्रांना वाटते, तो नेहमीप्रमाणे थट्टाच करतो आहे. तो मरतानाही विनोद करतो, पण मरता मरता दोन्ही घराण्यांना शाप देतो. एकाला नाही, दोघांनाही.

आणि मग रोमिओ बदलतो. प्रेमाने आपण मऊ पडलो, असे त्याला वाटू लागते. काही क्षणांपूर्वी जो समजुतीच्या गोष्टी सांगत होता, तोच परत आलेल्या टिबॉल्टवर तुटून पडतो आणि त्याला ठार करतो. ब्रुकच्या काव्यात रोमिओने टिबॉल्टला मारले ते केवळ स्वतःचा जीव वाचवण्यासाठी, आणि तेही लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी. शेक्सपिअरने त्याला तशी पळवाट ठेवली नाही. रोमिओ हा चांगला मुलगा आहे आणि त्याने खून केला आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. मला विचाराल तर सज्ज्यातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगापेक्षाही नाटकाचे खरे बळ या भर दुपारच्या प्रसंगात आहे.

अधिपती रोमिओला देहदंडाऐवजी हद्दपार करतो. इकडे ज्युलिएटचा बाप तिचे लग्न पॅरिस या सरदाराशी ठरवतो. ती नाही म्हणते. तेव्हा कॅप्युलेटचा जो संताप होतो, तो वाचताना अंगावर काटा येतो. तो तिला फरफटत नेण्याची धमकी देतो, घराबाहेर काढीन, रस्त्यावर उपाशी मर म्हणतो, हात उगारायची भाषा करतो. मेजवानीच्या रात्री रोमिओला ओळखूनही याच माणसाने टिबॉल्टला शांत राहायला सांगितले होते. शत्रूच्या मुलाशी तो सभ्यपणे वागला. पोटच्या मुलीशी वागता आले नाही. तलवार चौकातच निघते असे नाही, ती घरातही असते, हे शेक्सपिअरने येथे दाखवले आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्युलिएट एक औषध पिऊन मेल्यासारखी निपचित पडते. तिला घराण्याच्या तळघरातील दफनभूमीत ठेवतात. हे नाटक आहे, घाबरू नकोस, असे पत्र लॉरेन्सने दुसऱ्या एका धर्मगुरूच्या हाती रोमिओला पाठवलेले असते. पण तो धर्मगुरू ज्या घरात थांबतो, तेथे प्लेगचा संशय येतो आणि पहारेकरी दाराला कुलूप घालतात. पत्र पोचत नाही. आजच्या वाचकाला हा योगायोग ओढूनताणून आणलेला वाटतो. पण १५९५ मध्ये नाटक पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी तशी बंद दारे दोन वर्षांपूर्वीच पाहिली होती. रोमिओ एका भुकेकंगाल औषधविक्याकडून विष विकत घेतो. विष विकण्याची शिक्षा मृत्यू. तरी तो गरिबीपोटी विकतो. दफनभूमीत पॅरिस रोमिओला अडवतो आणि अंधारात मारला जातो. हा मृत्यूही शेक्सपिअरने नव्याने घातलेला आहे. मग रोमिओ विष पितो, ज्युलिएट जागी होते आणि त्याच्या कट्यारीने जीव देते. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने रोमिओची आईही त्याच रात्री मरते. पाच तरुण आणि एक आई. दोन्ही बाप जिवंत राहतात. ते हात मिळवतात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे ठरवतात. त्यातही कोण अधिक देतो, अशी थोडी चढाओढ दिसते.

नाटक लोकांना फार आवडले. १५९७ मध्ये कोणीतरी त्याची घाईघाईची, अपुरी प्रत छापली. १५९९ मध्ये चांगली प्रत निघाली. तिच्यात एके ठिकाणी पीटर या नोकराऐवजी विल केम्प या विनोदी नटाचेच नाव छापले गेले. कोणते काम कोणाकडे द्यायचे, हे लिहितानाच शेक्सपिअरच्या डोक्यात होते, हे या चुकीमुळे आपल्याला कळले.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र वाईट दिवस आले. ऑगस्ट १५९६ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला. रंगमंचावर मुलांच्या प्रेतांपाशी उभे असलेले बाप त्याने आधीच लिहून ठेवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम वेट नावाच्या माणसाने न्यायालयात तक्रार केली. शेक्सपिअर आणि आणखी तिघांपासून आपल्या जिवाला धोका आहे, असे त्याचे म्हणणे होते. मूळ भांडण एका नाटकगृहाच्या मालकाशी होते आणि शेक्सपिअर त्यात कसा ओढला गेला, हे कागदावर नाही. पण १४ वर्षांपूर्वी जसा अर्ज बापाने केला होता, तसाच अर्ज आता मुलाविरुद्ध झाला होता. हा कागद १९३१ मध्ये उजेडात आला.

१५९७ मध्ये त्याने स्ट्रॅटफर्डमध्ये मोठे घर घेतले. १५९८ च्या डिसेंबरात बर्बेज बंधूंनी जमीनमालकाशी वाद झाल्यामुळे शोरडिचचे नाटकगृह उतरवले आणि लाकडे टेम्स नदीपलीकडे नेली. लोक तलवारी, कट्यारी आणि कुऱ्हाडी घेऊन आले होते, असा आरोप जमीनमालकाने केला. त्या लाकडांतून १५९९ मध्ये ‘ग्लोब’ नाटकगृह उभे राहिले. हॅम्लेट, ऑथेल्लो, किंग लिअर, मॅकबेथ ही नाटके त्यानंतरची. १६०३ मध्ये राणी एलिझाबेथ वारली आणि नवा राजा जेम्स याने या मंडळीला आपला आश्रय दिला. १६१३ मध्ये एका प्रयोगात तोफेच्या ठिणगीने ‘ग्लोब’चे छप्पर पेटले आणि नाटकगृह जळून गेले. शेक्सपिअर तोवर बराचसा गावी राहू लागला होता. २३ एप्रिल १६१६ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी तो वारला. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. १६२३ मध्ये त्याच्या दोन सहकारी नटांनी त्याची ३६ नाटके एका मोठ्या ग्रंथात छापली. त्यांतली निम्मी तोवर कोठेही छापलेली नव्हती.

रोमिओ आणि ज्युलिएटचा शेवट काही लोकांना सोसवला नाही. त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने लंडनमध्ये जेम्स हॉवर्ड या लेखकाने सुखान्त रूप तयार केले. मग एके दिवशी प्रेमिक मरत आणि दुसऱ्या दिवशी जगत, असे प्रयोग आलटून पालटून होऊ लागले. तो सुखान्त पुढे टिकला नाही.

आपल्याकडेही हे नाटक लवकर आले. १८८२ मध्ये नारायण बापूजी कानिटकर यांनी ते ‘शशिकला आणि रत्नपाल’ या नावाने मराठीत आणले. मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या तेव्हा उर्दू नाटके करीत देशभर फिरत होत्या. त्यांच्यासाठी लखनौचे मेहदी हसन ‘अहसन’ यांनी हॅम्लेटवरून ‘खून-ए-नाहक’ लिहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीच रोमिओ आणि ज्युलिएटलाही उर्दू रूप दिले. त्याला त्यांनी नाव दिले ‘बज्म-ए-फानी’. या नावाचा अर्थ तुम्हाला मराठीतून सांगण्याची गरज नाही.